विशेषनामाचे सामान्य होणे

व्याकरणाच्या दृष्टीने ‘रमा’ हे विशेषनाम आहे. एकाच व्यक्तीकडे निर्देश करणे हे त्याचे कार्य. एकोणिसाव्या शतकातील स्त्रीजीवनाचा अभ्यासक जुने कागद चाळू लागला, की हे कार्य किती सहज निकामी होते याचा प्रत्यय त्याला येतो. पुण्यात १८८२ मध्ये आर्य महिला समाज स्थापन झाला, तेव्हा त्या वर्तुळात पंडिता रमाबाई होत्या आणि रमाबाई रानडेही. त्या सुमाराच्या एखाद्या पत्रात नुसते ‘रमाबाई’ आले, तर ती नोंद कोणाच्या नावे लावायची?

प्रश्न वरकरणी संदर्भनिश्चितीचा, म्हणजे तंत्राचा भासतो; त्याच्या मुळाशी मात्र नैतिक पेच आहे. नामसाम्य सोडविण्याचे साधन बहुधा पतीचे आडनाव हेच असते. ज्या व्यवस्थेने स्त्रीचे मूळ नाव पुसले, तिच्याच नोंदीवर त्या स्त्रीची ओळख पटविण्यासाठी विसंबावे लागते. १८७३ च्या विवाहापूर्वी रमाबाई रानडे ‘यमुना’ होत्या; १८७४ मध्ये गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह झालेल्या आनंदीबाईही माहेरच्या ‘यमुना’च. शारदा सदनात शिकलेल्या विधवा गोदूबाई १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून ‘आनंदीबाई’ झाल्या. सासरचे नाव धरावे तर आनंदीबाई दोन, माहेरचे धरावे तर यमुना दोन. आणि दोन्हींची सांगड न घातली, तर एकाच बाईच्या दोन बाया. पंडिता रमाबाई विवाहानंतरही पतीच्या मेधावी या आडनावाने फारशा ओळखल्या गेल्या नाहीत. मात्र त्यासाठी कलकत्त्याच्या पंडितांपुढे विद्वत्ता सिद्ध करावी लागली, ही किंमत थोडी नव्हे.

संदिग्ध नोंद बहुधा प्रसिद्ध स्त्रीच्या खाती जमा होते. संभाव्यतेचा हा युक्तिवाद चक्राकार आहे: नोंदी मिळतात म्हणून ती प्रसिद्ध, आणि प्रसिद्ध म्हणून पुढच्या नोंदीही तिच्याच. सभेला आलेली, चार आणे वर्गणी दिलेली एखादी तिसरी रमाबाई या हिशेबात अस्तित्वालाच मुकते. उलट, पुराव्यावाचून काहीच जोडायचे नाही असा कडक बाणा घेतला, तर जिचे सारे आयुष्य चार विखुरलेल्या नोंदींत उरले आहे ती कधीच एकसंध उभी राहत नाही.

म्हणून दोन्ही ठिकाणी पुराव्याचे माप एकच ठेवणे न्याय्य ठरत नाही. प्रसिद्ध स्त्रीची एक नोंद कमी झाल्याने तिचे फारसे बिघडत नाही. तिथे हात आखडता घ्यावा. अप्रसिद्ध स्त्रीच्या बाबतीत जोडणीचे धाडस करावे, मात्र ते अनुमान आहे हे उघड सांगून. अशाने इतिहासाचा निःपक्षपातीपणा ढळतो, हा आक्षेप वजनदार आहे. पण मुळातले दप्तरच पक्षपाती आहे, आणि उघड केलेले अनुमान पुढच्या अभ्यासकाला मोडता येते. गुपचूप केलेली जोडणी मोडायला आधी ती दिसावी लागते. ग्रंथाच्या सूचीत ‘रमाबाई (अनिश्चित)’ अशी वेगळी ओळ संपादकांना अपुऱ्या कामाची खूण वाटते, आणि छपाईपूर्वी ती बहुधा पंडिता रमाबाई किंवा रमाबाई रानडे यांच्या ओळीत विरून जाते.