जुन्या गाडीचा दोष आणि विकणाऱ्याचे मौन

मोटार विम्याच्या तक्त्यात पहिल्या सहा महिन्यांत गाडीच्या किमतीत ५ टक्के घट धरतात. चार ते पाच वर्षांच्या गाडीला ती ५० टक्के होते. वयाची ही घट लपत नाही. आरसीवरची तारीख दोघांनाही वाचता येते. मीटर मागे फिरवणे हे सरळ खोटे, त्यावरही दुमत नाही. नैतिक प्रश्न येतो तो मौनाचा. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून, सीट कव्हर बदलून उभी केली, की नवख्याला कळत नाही. गालिच्याखालचा सुकलेला गाळ आणि गंजलेले बोल्ट मालकाला ठाऊक असतात. गिऱ्हाईकाने विचारले नाही, तरी मालकाने ते सांगावे का?

रोमन विचारवंत सिसरोने इ.स.पू. ४४ मध्ये कर्तव्यावरील ग्रंथात हा वाद दोन स्टोइक विचारवंतांच्या तोंडी घातला. बॅबिलोनचा डायोजेनिस म्हणतो, कायदा सांगायला लावेल तेवढे सांगावे, खोटे बोलू नये. पारख गिऱ्हाईकाने करावी. त्याचा शिष्य अँटिपेटर म्हणतो, माणसे एकमेकांशी बांधलेली आहेत, म्हणून काही दडवू नये. सिसरोचा कौल अँटिपेटरला आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही निकस किंवा झाकलेला माल विकण्यास मनाई आहे.

१८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम १७ वरवर डायोजेनिसच्या बाजूचे आहे. लिलावात घोडा विकताना त्याच्या दोषाबद्दल गप्प राहणे ही फसवणूक नाही, असे उदाहरण त्यात आहे. पण घेणारी विकणाऱ्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणे कर्तव्य ठरते. म्हणजे जिथे विश्वास टाकण्यावाचून गत्यंतर नसते, तिथे बोलण्याचे बंधन येते. जुनी गाडी घेणारा नवखा नेमका याच अवस्थेत असतो.

मौनाची झळ तिऱ्हाइतालाही लागते. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवले, की दोष ओळखता येत नसल्याने गिऱ्हाईक प्रत्येक गाडीला सरासरी भावच देऊ करते; मग चांगली गाडी सांभाळणारे मालक बाजारातून मागे सरतात.

या कर्तव्याला मर्यादा आहे. झिजलेला टायर किंवा ओरखडा गिऱ्हाईकाला दिसतो. तो सांगण्याची सक्ती नाही. जो दोष मालकाला माहीत आहे, साध्या तपासणीत सापडत नाही आणि कळल्यास भाव बदलेल, तो न विचारताही सांगणे हाच धर्म.