चंद्रकलेचा दृष्टांत आणि त्याची मर्यादा

सूत्राचा अर्थ मनात ठसावा म्हणून दृष्टांत दिला जातो. परंतु त्यातील कोणता अंश दार्ष्टांतिकाला लागतो हे पाहिल्याशिवाय दृष्टांत पुढे नेऊ नये, ही आपल्या अध्ययनाची जुनी शिस्त आहे. केशिराज बासांच्या दृष्टांतपाठात सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी जी मांडणी आढळते, तिच्यातून हीच शिस्त लागते. चंद्रकलेच्या बाबतीत मात्र ती सैल झालेली दिसते. ‘अमक्याचे वैराग्य चंद्रासारखे, पंधरा दिवस वाढते, पंधरा दिवस घटते’ असे आपण एखाद्या साधकाविषयी सहज बोलून जातो. आणि स्वतःच्या स्मरणात खंड पडला की ‘हा कृष्णपक्ष आहे, शुक्लपक्ष येईलच’ असे मनाचे समाधान करून घेतो. पहिल्या बोलण्यात दुसऱ्याची निंदा आहे, दुसऱ्यात आपली सुटका; आणि दोन्हींचा भार चंद्रावर टाकलेला आहे. तेव्हा तो भार चंद्राला पेलतो का, हे आधी पाहू.

चंद्र वस्तुतः वाढत नाही, घटतही नाही. त्याला स्वतःचा प्रकाश नाही; तो सूर्याच्या प्रकाशाने उजळतो, हे आर्यभटाने इसवी सन 499 च्या सुमारास लिहून ठेवले आहे. या गोलाचा सूर्यासन्मुख अर्धा भाग, ग्रहणाचा काळ सोडला तर, नित्य उजळलेला असतो. चंद्र पृथ्वीभोवती फिरत असल्याने त्या उजळ अर्ध्यापैकी किती भाग आपल्याकडे वळलेला आहे, एवढेच दिवसागणिक बदलते. चंद्र-सूर्यांतील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी सरते, अशा तीस तिथी सुमारे साडेएकोणतीस दिवसांत पुऱ्या होतात. पृथ्वीची छाया पडून चंद्राच्या कला होतात, असे पुष्कळ सुशिक्षितही समजतात. त्यांनी शुद्ध अष्टमीला सूर्यास्ताच्या वेळी आकाशाकडे पाहावे. सूर्य पश्चिम क्षितिजावर असतो, म्हणजे पृथ्वीची छाया पूर्वेकडे जाते. अर्धा चंद्र तर माथ्याच्या आसपास असतो. तिथे ती छाया पोहोचणार कशी?

म्हणजे ज्याला आपण चंद्राचा क्षय म्हणतो, तो पाहणाऱ्याच्या स्थानाने आलेला भास आहे. या अंशापुरता दृष्टांत फार उपयोगी आहे. अमावास्येला चंद्र सूर्याच्याच दिशेला असतो. त्याची उजळ बाजू पूर्णपणे सूर्याकडे असते, आणि नेमक्या त्याच दिवशी आपल्याला तो दिसत नाही. विजनात राहून स्मरण करणारा साधक गावाला दिसेनासा होतो, तेव्हा गाव म्हणते, याचे काही उरले नाही. त्याचे काय उरले आहे हे गावाला कोठून कळणार? आणखी एक गोष्ट. चंद्रावरून पृथ्वीकडे पाहिले तर तिलाही कला दिसतात, आणि त्या आपल्या तिथीच्या अगदी उलट असतात. आपल्या अमावास्येला तिथून पृथ्वी पूर्ण उजळ दिसते. आपल्या पौर्णिमेला ती काळोखी. ज्याला आपण अंधारलेला म्हणतो, त्याच्या दृष्टीला त्याच वेळी आपण पूर्ण प्रकाशमान असू शकतो, हा विचार परदोषदर्शनाची सवय लागलेल्याने क्षणभर तरी करावा.

येथे अद्वैती म्हणेल, “तर मग जीवही मुळात पूर्णप्रकाशच आहे, न्यूनता केवळ भासाची.” हे आपल्याला मान्य नाही. जीव बद्धमुक्त आहे. अनादि अविद्येने बांधलेला, पण मुक्तीला योग्य. त्याचे अन्यथाज्ञान हा कोण्या पाहणाऱ्याचा भास नव्हे. त्याला ज्ञान मिळते ते परमेश्वराकडून. उजळलेला चंद्र सूर्य होत नाही, इतकाच अंश येथे घ्यावा. चंद्राचा अर्धा भाग न मागता, न झटता उजळतो, हा अंश मात्र जीवाला मुळीच लागू नाही.

म्हणूनच ‘माझा कृष्णपक्ष’ हे बोलणे टिकत नाही. चंद्राची गती ठरलेली आहे. अमावास्येनंतर प्रतिपदा यायला कोणाच्या पुरुषार्थाची गरज लागत नाही. चुकलेले स्मरण असे आपोआप परत येत नाही. जो आज आळसाने बसला, त्याच्यासाठी पंचांगात पुढची पौर्णिमा छापलेली नाही. दुसऱ्याच्या बाबतीत आपण त्याचे अंतर पाहू शकत नाही, म्हणून तेथे कलेचा दृष्टांत घ्यावा. स्वतःच्या बाबतीत स्मरण झाले की नाही हे आपल्याला पक्के ठाऊक असते, तेथे तो घेण्याचे कारणच उरत नाही.

स्वतःसाठी दृष्टांत हवाच असेल तर ग्रहणाचा घ्यावा. त्यात पृथ्वी खरोखर आड येते आणि चंद्रावर थेट पडणारा सूर्यप्रकाश तुटतो. चंद्राची कक्षा सुमारे पाच अंशांनी कललेली असल्याने हे दर महिन्याला घडत नाही. पण घडते तेव्हा पौर्णिमेलाच घडते. 7 सप्टेंबर 2025 च्या रात्री भाद्रपद पौर्णिमेचे खग्रास चंद्रग्रहण आपल्याकडे दिसले. खग्रास अवस्था सुमारे 82 मिनिटे होती. त्या रात्री पुष्कळांनी अंगणात उभे राहून पाहिले असेल, की छाया आली ती अष्टमीच्या अर्ध्या बिंबावर नव्हे, पूर्ण भरलेल्या बिंबावर.