दुसऱ्या किल्लीचा धर्मविचार: विस्मरण, सावधपण आणि निक्षेप

किल्ली आत राहून मोटारीची दारे बंद होणे ही घटना व्यवहारात किरकोळ मानली जाते. परंतु तिच्या मुळाशी नीतिविचारातले दोन जुने प्रश्न आहेत. विसरणे हा माणसाचा दोष मानावा काय, हा पहिला. आणि त्या विसराळूपणाची तरतूद करताना वस्तू लपवून निर्धास्त व्हावे की ती दुसऱ्याच्या स्वाधीन करावी, हा दुसरा. हे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, कारण आपण विसरू हेच जो मानत नाही तो दुसऱ्या किल्लीचा विचार करत नाही, आणि जो मानतो त्याला ती कोठे ठेवावी हे ठरवावेच लागते.

न्यायदर्शनानुसार अनुभव संपला तरी त्याचा ठसा आत्म्यात मागे राहतो. या ठशाला संस्कार म्हणतात, आणि तो जागा झाला म्हणजे स्मृती उत्पन्न होते. संस्कार जागा करणाऱ्या कारणाला नैयायिक उद्बोधक म्हणतात. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात स्मृतीची वीसहून अधिक कारणे दिली असून, त्यांत प्रणिधान म्हणजे मनाची एकाग्रता, अभ्यास म्हणजे वारंवार होणारी आवृत्ती, लिंग म्हणजे खूण, तसेच सुख, दुःख आणि भय यांचाही समावेश होतो. या उपपत्तीनुसार पाहिले तर, कानाला फोन लावून डिकीतले सामान काढणारा चालक किल्ली आत असताना दाराची खिट्टी दाबून ते ढकलतो, तेव्हा किल्ली कोठे आहे याचे त्याचे ज्ञान नष्ट झालेले नसते. ते जागे करणारे कारण तेवढे त्या क्षणी हजर नसते. म्हणून विस्मरणाच्या क्षणाबद्दल त्याला बोल लावणे व्यर्थ असले, तरी असे कारण आधीच योजून न ठेवल्याची जबाबदारी त्याच्यावर उरतेच. किल्ली हातात दिसल्याखेरीज दार लावायचे नाही, आणि ते बाहेरून किल्लीनेच लावायचे, हा नियम अंगवळणी पडला की अभ्यास आणि खूण ही दोन्ही कारणे एकाच कृतीत साधतात.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या 11व्या दशकात हरिकथानिरूपण आणि राजकारण यांच्यामागोमाग सर्व विषयांतील सावधपणाला आणि नंतर साक्षेपाला, म्हणजे नेटाने केलेल्या उद्योगाला, स्थान दिले आहे. सावधपण म्हणजे कधीच न चुकणे असा अर्थ घेतला तर ते कोणालाच साधणार नाही. आपण चुकू शकतो हे चूक घडण्यापूर्वी ओळखून तजवीज करणे, हाच त्याचा आचरणात येणारा अर्थ होय. या तजविजीचे मोल उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत किल्लीबरोबर तान्हे मूलही अडकते तेव्हा कळते. लहान मुलाचे शरीर प्रौढापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते, त्यामुळे अशा वेळी 112 या क्रमांकावर कळवणे आणि मूल कासावीस होत असेल तर कोणाचीही वाट न पाहता त्याच्यापासून सर्वांत दूरची काच फोडणे हेच कर्तव्य ठरते.

दुसरी किल्ली कोठे ठेवावी या प्रश्नावर बहुतेकांना सुचणारा उपाय लपवण्याचा असतो: लोहचुंबक लावलेली डबी चाकावरच्या पत्र्याच्या आत किंवा बंपरमागे चिकटवली जाते. खड्ड्यांच्या धक्क्यांनी आणि पावसाळ्यातल्या चिखलाने ती गळून पडते हा तिचा वरवरचा दोष झाला. मूळ दोष असा की अशा जागा थोड्याच असतात आणि त्या चोराला मालकाइतक्याच ठाऊक असतात. ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी 1883 मध्ये लष्करी गुप्तलेखनाविषयी मांडलेले तत्त्व येथे लागू पडते: सुरक्षेची रचना शत्रूच्या हाती पडली तरी बाध येऊ नये, गुपित राहावे ते केवळ किल्लीचे. लपवलेल्या डबीत नेमके उलटे घडते, कारण तेथे जागा कळली की किल्लीच हाती येते. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांत तर किल्ली जवळ असल्याचे गाडी स्वतःच ओळखते, त्यामुळे बाहेर लपवलेल्या किल्लीने दार आपोआप खुले होण्याचा संभव असतो.

धर्मशास्त्राने सुचवलेली वाट वेगळी आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात वादाचे जे 18 विषय, म्हणजे व्यवहारपदे, सांगितले आहेत, त्यांत ऋणादानाच्या पाठोपाठ निक्षेप येतो. निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्याकडे सोपवलेली ठेव. आत काय आहे हे न सांगता मोहरबंद करून दिलेल्या ठेवीला उपनिधी म्हणतात. ठेव कुलीन, सदाचारी आणि सत्यवादी माणसाकडे ठेवावी, ती जशी दिली तशीच परत मिळावी, आणि ठेव सांभाळणाऱ्याने स्वतः काही घेतले नसताना ती चोरांनी नेली, पुरात वाहिली किंवा आगीत जळली तर त्याच्याकडून भरपाई मागू नये, असे तेथे सांगितले आहे. या नियमांत विश्वास ही भाबडी भावना राहत नाही. पात्र कोण, जबाबदारी किती आणि क्षमा कोठे, हे आखून दिल्यामुळे ती एक व्यवस्था बनते.

विश्वासालाही धोका असतो, हा आक्षेप खरा आहे. परंतु तो मर्यादित करता येतो. किल्लीत सांकेतिक चिप असल्याखेरीज इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या अनेक गाड्यांत, चिपविना घडवलेली साधी किल्ली दार उघडते पण गाडी चालू करत नाही. अशी किल्ली स्वतःच्या पाकिटात ठेवली तर ती चुकून हरवल्यानेही मोठी हानी होत नाही, आणि गरजेपुरताच अधिकार देण्याचे तत्त्व पाळले जाते. चिप असलेली दुसरी किल्ली मात्र घरच्या किंवा शेजारच्या भरवशाच्या माणसाकडे द्यावी आणि ती कोणाकडे आहे याची नोंद ठेवावी, कारण गाडी चोरीला गेल्यास विमा कंपन्या सहसा दोन्ही किल्ल्या मागतात.

लपवणाऱ्याचा भरवसा इतरांच्या नजरचुकीवर असतो, तर सोपवणाऱ्याचा त्यांच्या सचोटीवर. पहिला भरवसा माणसाला अधिकाधिक संशयी करतो आणि दुसरा त्याला समाजाशी जोडतो. आपल्या स्मृतीला मर्यादा आहेत हे एकदा मान्य केले की दुसऱ्याची गरजही मान्य करावी लागते, आणि ही गरज परस्पर असल्यामुळे विश्वासू माणूस शोधणे हे अर्धेच कर्तव्य ठरते. शेजाऱ्याने आपली किल्ली निःशंकपणे हाती द्यावी असे स्वतःचे वर्तन ठेवणे, हे उरलेले अर्धे.