उपचार मुलावर, बदल घरात



आपल्या बल्लारपुरात खर्रा कोणाला ठाऊक नाही? सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटलेली ही पुडी आपल्यापैकी अनेकांच्या खिशात असते. पानठेल्यावरून ती आणायला आपण कित्येकदा घरच्या लेकरालाच पाठवतो. पुढे तेच लेकरू खर्रा खाऊ लागले, दारूपर्यंत पोहोचले, की आपण विचारतो, "हा कोणाच्या संगतीने बिघडला?"

शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. आपल्या जिल्ह्यात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. कायदे हवेतच, पण घरातले वळण आपल्यालाच लावावे लागते.

डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणात रुग्णाबरोबर घरच्यांचेही समुपदेशन होते. कारण उपचार घेऊन मूल परत येते ते त्याच घरात. व्यसनाच्या काळात आपल्यालाही वाईट सवयी जडलेल्या असतात. आई गुपचूप पैसे देते, शाळेत खोटी कारणे सांगते. वडील आज मारतात, उद्या लाड करतात. हे बदलावे लागते. दोघांनी मिळून एकच नियम ठरवायचा, तो शांतपणे पाळायचा, खोटे झाकायचे नाही आणि मुलाशी रोज थोडे तरी बोलायचे.

मग दोष आपलाच का? व्यसन हा आजार आहे. त्याला अनेक कारणे असतात. सगळा दोष आईबापांवर टाकणे अन्यायाचे आहे. पण दोष नसला तरी जबाबदारी उरतेच.

पैसे नाकारणारे आईबाप निष्ठुर असतात का? उधळ्या पुत्राच्या दाखल्यातला बाप दूरदेशी पैसे पाठवत नाही. मात्र मुलगा परतताना दूरवर दिसताच तो धावत जातो आणि मागचा हिशेब काढत नाही. नकार आणि मिठी, दोन्ही एकाच प्रेमातून येतात.

आपल्या धर्मग्रामात कोणाचे मूल उपचार घेऊन आले, तर मिस्सानंतर फाटकापाशी कुजबुज नको. त्याचे नाव घेऊन विचारपूस करू या. आणि लेकराला "सोड" म्हणण्याआधी आपल्या खिशातली पुडी बाहेर काढू या. ती सोडणे किती कठीण आहे, हे कळले की लेकरावर ओरडताना आपला आवाज आपोआप खाली येईल.