डाल्याखालची पिल्लं

2 एप्रिल 2022, गुढीपाडवा. राज्यातले कोरोनाचे निर्बंध त्या दिवशी उठले आणि मास्क ज्याच्या त्याच्या मर्जीवर आला. शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर आजीने आपला मास्क कुडाच्या भिंतीत खोचला. तो तिथेच धुरकटला.

पुढच्या पौषात ती मुरबाडकडे म्हसाच्या जत्रेला गेली. येताना घोंगडी आणली आणि खोकलाही. नातू आठ महिन्यांचा. आजीच्या मांडीशिवाय त्याला झोप येत नाही, असं आजीच सांगायची.

त्याच दिवसांत शेजारच्या कोंबड्यांना मानमोडी लागली. (तिची लस मिळते, पण पाड्यावर कोण टोचून घेतो!) आजीने तांबडफुटीलाच आपली पिल्लं डाल्याखाली झाकली, त्यांचं पाण्याचं भांडं वेगळं केलं, शेजारच्या पोरांना अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. "रोग आपणच घरात आणतो," असं ती येईल त्याला खोकत खोकत ऐकवायची. मांडीवर नातू असायचाच.

चौथ्या दिवशी बाळ दूध ओढेना. आशाताई आली. बाळाला आईच्या मांडीवर शांत घेतलं, झबलं वर केलं आणि घड्याळ लावून मोजू लागली. दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. मिनिटाला अठ्ठावन्न. या वयाला पन्नास झाले की न्युमोनियाची शंका घ्यायची. तिने लगेच 108ला फोन लावला.

"घरात खोकला कुणाला?"

"मला. साधाच आहे, जत्रेतला."

"तुम्हाला साधा, आजी. बंदीच्या दोन वर्षांत असले खोकलेही दबले होते. आता जत्रा, शाळा, अंगणवाडी, सगळीकडून एकदम घरात येतात. मोठ्याचं नाक गळतं, तान्ह्याची छाती भरते."

सून इतके दिवस गप्प होती. "आत्या, पिल्लांचं भांडं वेगळं केलंत. बाळाची पेज मात्र चाखून त्याच चमच्याने भरवलीत."

आजी डाल्याकडे बघत राहिली.

दवाखान्यात ऑक्सिजन लागला. सहाव्या दिवशी बाळ घरी आलं. तोवर आजीने चूल पडवीत हलवली होती. खोकला जाईपर्यंत ती ओटीवर निजली. बाळाला घ्यायचं तर आधी साबणाने हात धुवायची, नाकातोंडावर पदर घट्ट बांधायची.

शेजारीण बाळ बघायला आली. दारातच खोकली.

"तिथेच बस गं," आजी म्हणाली. "माझं पिल्लू डाल्याखाली आहे."

शेजारीण जरा फुगली. चहा मात्र अंगणात बसून पिऊन गेली.