बाटणे, अनुसरणे, दीक्षा घेणे

मराठीत पाणी बाटते, सोवळे बाटते, विहीर बाटते आणि माणूसही बाटतो. धर्म बदललेल्या माणसासाठी पिढ्यान्‌पिढ्या हेच क्रियापद चालत आले. त्यात गोम अशी, की बाटणाऱ्याला स्वतः काही करावे लागत नाही. फार तर दुसरा कोणी त्याला बाटवतो. घागरीला मत नसते, तसे इथे माणसालाही नसते. परतीची वाटही तशीच. 1676 मध्ये नेताजी पालकरांना शुद्ध करून स्वधर्मात घेतले गेले. बाटणे काय, शुद्ध करणे काय, दोन्ही शब्द भांड्यांना लागू पडणारे.

वऱ्हाडाकडे मात्र वेगळे क्रियापद होते. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात गोविंदप्रभू राहिले. त्यांचे शिष्य चक्रधर. पुढे नागदेवाचार्यही रिद्धपूरलाच आले आणि म्हाइंभटांच्या लीळाचरित्राचे कामही याच गावाशी जोडलेले आहे. त्या ग्रंथातली माणसे महानुभाव पंथात येताना बाटत नाहीत, ती ‘अनुसरतात’. घर, गोत, गाव सोडायचे आणि चारी वर्णांच्या दारी भिक्षा मागायची. ब्राह्मण अनुसरला तरी त्याची यातून सुटका नव्हती. ज्याला संसार सोडवत नाही तो ‘उपदेश घेतो’. घरातच राहून आचार पाळतो, त्याला उपदेशी म्हणतात. अनुसरणे असो की उपदेश घेणे, कर्ता ज्याचा तोच.

अमरावतीतच नोव्हेंबर 1927 मध्ये अंबादेवी मंदिरप्रवेशासाठी परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. वाद पुन्हा जुन्याच क्रियापदाचा: कोणाच्या पावलाने देऊळ बाटते? मंदिराच्या दाराशी ताटकळण्याचा हा मार्ग पुढे त्यांनी सोडलाच. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याचे जाहीर केले आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. नंतर त्यांनी स्वतःच जमलेल्या लाखोंना दीक्षा देऊन 22 प्रतिज्ञा म्हणवून घेतल्या. त्या साऱ्या प्रथमपुरुषी आहेत. इथे कोणी बाटले नव्हते, बाटवलेही नव्हते.

एवढ्या मोठ्या जमावातल्या प्रत्येकाने खरेच स्वतः ठरवले होते का, अशी शंका तेव्हाही घेतली गेली, आजही घेतली जाते. शंका अगदीच पोकळ नाही. पण येवला आणि नागपूर यांच्यामध्ये एकवीस वर्षे होती. गावोगाव चर्चा झडायला, भांडायला, मागे फिरायलाही ती पुरेशी होती. महाराष्ट्रात 1951 च्या जनगणनेत बौद्ध अडीच हजारही नव्हते. 1961 ला ते सुमारे 27 लाख 90 हजार झाले.

सरकारी कागदाला ‘दीक्षा घेणे’ हे क्रियापद पेलायला वेळ लागला. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात बौद्धांचा समावेश 1990 मध्ये झाला. तोवर दीक्षा घेतली हे खरे सांगितले, की केंद्राच्या सवलती जात. आजही राज्याच्या योजनांवर ‘अनुसूचित जाती व नवबौद्ध’ असे छापलेले असते. दसऱ्यानंतर अकोल्यात भरणाऱ्या धम्म मेळाव्याला येणारी तरुण मुले जन्मानेच बौद्ध आहेत, कित्येकांचे आईवडीलही. तरी हा ‘नव’ काही गळत नाही. अशा मुलाला जातीचा दाखला हवा असेल तर 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो, म्हणजे पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर किंवा कोतवाल बुकात जी जात आजोबांनी 1956 ला टाकली, तीच हुडकून काढावी लागते.