लक्कम्मांचा प्रश्न आणि अंगावरचा सदरा



आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा या शरण दांपत्याची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी प्रवचनांत ऐकलेली आहे. महात्मा बसवण्णांच्या महामनेसमोर सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. 'आयदक्की' या कन्नड शब्दाचा अर्थच मुळी वेचलेले तांदूळ असा आहे. त्या तांदळाचा प्रसाद करून जंगमांस वाढावा आणि मग आपण घ्यावा, हा त्यांचा नित्याचा दासोह. एके दिवशी मारय्यांनी रोजच्यापेक्षा अधिक तांदूळ आणले. लक्कम्मांनी ते पाहिले, हे अधिक कोठून आले म्हणून विचारले आणि जास्तीचे तांदूळ जेथून आणले तेथेच परत टाकून येण्यास सांगितले. मारय्या गेले आणि टाकून आले.

या कथेवर निरूपण करताना लोभ धरू नये यावर भर दिला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु आम्हांस अलीकडे तिची दुसरी बाजू अधिक जाणवू लागली आहे. लक्कम्मा घरात होत्या. तांदूळ वेचले गेले तेव्हा त्या तेथे नव्हत्या. कोणी चोरी केलेली नव्हती, तांदूळ सांडलेलेच होते. आणणारा स्वतःचा पती, आणि तोही शरण. न विचारण्यास एवढी कारणे असताना त्या माउलीने विचारले. धान्य उंबऱ्याच्या आत आले की ते कसे आले याचे उत्तर आपणांसही द्यावे लागते, असे तिने मानले.

आज आम्हांस तांदळाविषयी नव्हे, कापडाविषयी लिहावयाचे आहे. आपल्या समाजात कापडाचा व्यापार करणारी घराणी पुष्कळ आहेत आणि या मासिकाचे वाचकही त्यांत आहेत, म्हणून हे लिहिणे थोडे अवघड जाते.

२४ एप्रिल २०१३ रोजी बांगलादेशात, ढाक्याजवळच्या सावार येथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत कोसळली. तिच्यात तयार कपडे शिवणारे पाच कारखाने होते. खाली दुकाने होती आणि एक बँक होती. १,१३४ माणसे मृत्युमुखी पडली, सुमारे अडीच हजार जखमी झाली. त्यांत स्त्रियाच अधिक. हा काही भूकंप नव्हता. वरचे मजले परवानगीवाचून चढविलेले होते, आणि इमारतीस भेगा गेल्याचे आदल्या दिवशीच सर्वांनी पाहिले होते. बँकेने आपल्या माणसांना घरी पाठविले. दुकाने बंद झाली. शिवणकाम करणाऱ्यांना मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर बोलावले गेले. न आल्यास महिन्याचा पगार बुडेल अशी धमकी मिळाल्याचे वाचलेल्यांनी सांगितले. सकाळी वीज गेली, वरची जनित्रे सुरू झाली, आणि थोड्याच वेळात सारे खाली आले.

या हकिगतीतील एकच गोष्ट पुन्हा डोळ्यांपुढे आणा. इमारत एक, भेग एक. पण बँकेचा कारकून घरी गेला आणि शिवणारी बाई मशीनवर बसली. हा भेद कोणी केला? कारखान्याच्या मालकाने केला, हे उघड आहे. पण मालकाच्या पाठीशीही एक तारीख उभी होती. युरोप-अमेरिकेतील मोठ्या दुकानांची मागणी ठरल्या दिवशी जहाजावर चढली नाही, तर पुरवठादाराच्या किमतीतून कापून घेतात, किंवा त्याच्या खर्चाने माल विमानाने पाठवावयास लावतात. त्या वेळी तेथील शिवणकामगाराचे किमान वेतन महिन्यास ३,००० टका होते. सदऱ्याचा भाव ठरविणारा आणि तारीख ठरविणारा माणूस सावारमध्ये कधी राहिलाच नव्हता.

इमारत पडल्यावर काय झाले? ढिगाऱ्यातून कार्यकर्त्यांनी कपड्यांवरची लेबले आणि मागणीची कागदपत्रे गोळा केली. कारण कोणाचे कपडे तेथे शिवले जात होते हे सिद्ध करावयास दुसरा मार्ग नव्हता. एका नामांकित कंपनीने प्रथम आपला संबंध नाही असे सांगितले, आणि मग एक मागणी दिली होती असे कबूल केले. तिला खरोखरच ठाऊक नसेल, असेही आपण धरून चालू. कंपनी मागणी देते मध्यस्थास, मध्यस्थ देतो कारखान्यास, कारखान्यास पेलले नाही की तो देतो दुसऱ्या लहान कारखान्यास. या तीन-चार पायऱ्यांत वरच्यास खालचे दिसेनासे होते. आणि आमचे म्हणणे नेमके येथे आहे. ही पायऱ्यांची रचना आकाशातून पडलेली नाही. ती स्वस्त पडते म्हणून केलेली आहे. आणि न दिसणे हा त्या स्वस्ताईचाच एक भाग आहे.

त्या कारखान्यांपैकी काहींची सामाजिक तपासणीही पूर्वी झालेली होती, हे वाचून आम्ही चकित झालो. तपासणी करणाऱ्यांकडे प्रश्नांची यादी होती. इमारत मजबूत आहे काय, हा प्रश्न त्या यादीत नव्हता. म्हणजे विचारणे झाले, पण लक्कम्मांचे विचारणे झाले नाही. उत्तर मिळाले तर तांदूळ परत टाकावयाची तयारी असणारा जो प्रश्न विचारतो तो निराळा. आणि विचारले होते असे पुढे सांगता यावे म्हणून जो विचारला जातो तो निराळा.

आपल्याकडे ही गोष्ट अगदीच नवी नाही. निपाणीकडच्या वाचकांना विडीचा धंदा माहीत आहे. कारखानदार पाने व तंबाखू ठेकेदाराजवळ देई, ठेकेदार ती घरोघर बायकांना वाटी, आणि मजुरीचा प्रश्न निघाला की कारखानदार म्हणे, या बायका माझ्या नव्हेत, ठेकेदाराच्या. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने आणि पुढे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने या पळवाटेस आडकाठी घातली. ठेकेदाराने मजुरी बुडविली तर ती मूळ मालकाने द्यावी, हे तत्त्व १९७० मध्येच आपल्या देशाच्या कायद्यात लिहिले गेले. फ्रान्सने २०१७ मध्ये आणि जर्मनीने २०२१ मध्ये मोठ्या कंपन्यांसाठी पुरवठादारांकडे लक्ष ठेवण्याचे कायदे केले. तिकडचे विद्वान त्यास नवा विचार म्हणतात. असो.

आता व्यापारी बंधूंचे म्हणणे ऐकले पाहिजे. बसव जयंतीच्या उत्सवात आम्ही हा विषय काढला तेव्हा एक जुने कापडदुकानदार म्हणाले, "अप्पाजी, मी गाठी घेतो तिरुपूरहून आणि लुधियानाहून. मी तेथे जाऊन भिंती तपासू काय? आणि मी चार रुपये जास्त दिले, तर शेजारचा देणार नाही. गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल." दुसरे एक शिक्षक म्हणाले, की त्या बायकांना गावात एवढीही मजुरी मिळत नव्हती, आपण घेणे बंद केले तर त्या उपाशी मरतील.

शिक्षकांचे म्हणणे खरे आहे. म्हणूनच बहिष्कार हा यावरचा उपाय नव्हे. लक्कम्मांनीदेखील उद्यापासून तांदूळ वेचावयास जाऊ नका, असे पतीस म्हटले नाही. कायक चालूच राहिले. अधिक तेवढे परत गेले. राणा प्लाझानंतर मे २०१३ मध्ये कामगार संघटना आणि कंपन्या यांत जो करार झाला, त्याची घडणही अशीच होती. माल घेणे चालू ठेवावयाचे. पण इमारती व आग यांची तपासणी स्वतंत्र अभियंत्यांनी करावयाची, दुरुस्तीस पैसा लागेल तर तो उभा राहील हे पाहावयाचे, आणि हे सारे न्यायालयात बांधील राहील अशा शब्दांत लिहून द्यावयाचे. दोनशेहून अधिक कंपन्यांनी सह्या केल्या. मृतांच्या कुटुंबीयांसाठीचा तीन कोटी डॉलरचा निधी मात्र जून २०१५ मध्ये पुरा झाला. दोन वर्षांहून अधिक काळ गेला. आणि मार्च-एप्रिल २०२० मध्ये महामारी आली तेव्हा शिवून तयार असलेल्या मालाच्या मागण्याही कित्येक कंपन्यांनी रद्द केल्या. ती रक्कम तीन अब्ज डॉलरच्या घरात असल्याचे बांगलादेशातील निर्यातदारांच्या संघटनेने सांगितले. कारखाना माझा नव्हे म्हणणाऱ्याच्या एका पत्राने कारखाना बंद पडतो, यावरून तो कोणाचा हे समजावे.

दुकानदार बंधूंच्या प्रश्नास उत्तर देणे कठीण आहे. जबाबदारी ही भाकरी नव्हे, की एकाने खाल्ली म्हणजे दुसऱ्यास उरत नाही. इमारतीचा मालक, कारखानदार, मध्यस्थ, कंपनी या सर्वांस ती पुरते. परंतु ती सर्वांस सारखीही नाही. ज्याच्या शब्दाने भाव व तारीख बदलते, त्याच्याकडे ती अधिक. दहा गाठी घेणारा लहान दुकानदार भिंत तपासू शकत नाही, हे मान्य. तो विचारू शकतो, आणि विचारल्यावर मिळालेल्या उत्तराप्रमाणे एखादा पुरवठादार बदलू शकतो. शेजारचा विचारणार नाही, हे खरे. शेजारी काय करतो ते पाहून लिंगपूजा करणारा भक्त आम्ही अजून पाहिला नाही.

येथे आपल्या आचाराचा एक मुद्दा आहे. भक्ताने लिंगास अर्पण केल्यावाचून काही भोगू नये; अन्नच नव्हे, वस्त्रही. पदार्थ अर्पण झाला म्हणजे प्रसाद होतो. पण सत्यशुद्ध कायकातून न आलेला पदार्थ अर्पणास योग्य नाही, हे शरणांनी वारंवार बजावले आहे. सदरा स्वच्छ धुतलेला आहे, पैसे आपल्या घामाचे आहेत, एवढे पाहून आपण तो लिंगापुढे ठेवतो. शिवणाऱ्याच्या कायकाचे मोल त्यास मिळाले की नाही, हे त्या शुद्धतेत धरावयाचे किंवा नाही? आम्ही हा प्रश्न पुष्कळ वर्षे धरला नव्हता, हे येथे कबूल करतो.

मठाच्या वसतिगृहातील मुलांस दरवर्षी गणवेश दिले जातात. तीन ठिकाणचे भाव मागवावेत, सर्वांत कमी असेल तो घ्यावा, त्यातही मठाचे काम म्हणून थोडे कमी करून घ्यावे, आणि पंधरा ऑगस्टच्या आत माल मागावा, अशी पद्धत होती. देणगीचा पैसा वाचविला याचे आम्हांस समाधान वाटे. एका वर्षी गणवेश वाटून झाल्यावर दर्शनास आलेल्या एका भगिनीने मुलांकडे पाहून सहज म्हटले, "अप्पाजी, ह्ये सदरे मीच शिवल्यात." आम्ही कौतुकाने विचारपूस केली. मग कळले, की दोरा तिचा, विजेचे बिल तिचे, काजे-बटणे मजुरीतच धरलेली. आणि तारीख गाठण्यासाठी शेवटच्या दोन रात्री ती व तिची मुलगी झोपल्या नव्हत्या. मठाने भाव पाडला म्हणून ठेकेदाराने तिचा दर कमी केला होता. तिने हे तक्रार म्हणून सांगितले नाही. मठाचे काम म्हणून तिला ते पुण्यच वाटत होते, आणि तेच आम्हांस अधिक लागले.

आम्ही कधी विचारले होते ते एवढेच: किती, आणि केव्हा?

पुढील वर्षी विश्वस्तांपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवल्या: शिलाईची मजुरी कागदावर वेगळी लिहून घ्यावी, दोरा व बटणे मठाने द्यावी, आणि कापड दोन महिने आधी द्यावे. खर्च वाढला. एका विश्वस्तांनी विचारले, "मग मुलांस दोनाऐवजी एकच जोड द्यावयाचा काय?" त्यांचा प्रश्न खोटा नव्हता, मुलेही गरिबांचीच आहेत. त्या वर्षी आम्ही एक जोड ऑगस्टमध्ये दिला आणि दुसरा संक्रांतीस, देणगी जमल्यावर. काही पालकांस ते आवडले नाही. यंदा कापड बसव जयंतीलाच शिवणाऱ्यांच्या हाती द्यावयाचे ठरले आहे, आणि दर ठरविताना त्या भगिनीस व तिच्या सोबतिणींस बैठकीस बोलावले आहे. त्या येतील की नाही, हे अजून समजलेले नाही. मठाशी मजुरीची गोष्ट कशी बोलावी, असा त्यांना संकोच आहे, असा निरोप आला आहे.